कबुलीआधी पाणी नाही

आमच्या मामांइतका फुटबॉल साऱ्या आखातात कुणाला कळत नसेल आणि मामांइतके सामने साऱ्या आखातात कुणी हरलं नसेल. ही दोन्ही विधानं त्यांनी स्वतः मान्य केली असती. पहिलं लगेच, दुसरं जरा थांबून. मामा म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. कोल्हापुरातल्या एका पेठेत वाढले, तालमीच्या मातीत लोळले, तालमीच्याच टीमकडून डाव्या बाजूला फुटबॉल खेळले, आणि पुढे पोटासाठी अबुधाबीला येऊन मुसफ्फातल्या एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत स्टोअरकीपर म्हणून बावीस वर्षं टिकले. अंगानं आडवे, मिशा जाड, चाल पाय फाकून. गळ्यात एक काळी दोरी, तिला एक शिटी आणि स्टोअरच्या चौदा किल्ल्या. मैदानाच्या कडेनं ते पळायला लागले की किल्ल्यांचा खुळखुळाट व्हायचा, त्यामुळे कोच कुठे आहे हे बघायला आम्हाला मान वळवावी लागत नसे.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर लग्न करून मी ड्राफ्ट्समन म्हणून अबुधाबीत आलो. तिसऱ्याच दिवशी मामा पेढ्यांचा खोका घेऊन घरी आले. चहा होईपर्यंत त्यांनी मला दोनदा उभं केलं, एकदा बसवलं, आणि म्हणाले, "जावईबापू, हात लांब हाईत तुमचं." मला वाटलं, कौतुक चाललंय. मी लाजलोसुद्धा. पुढच्या शुक्रवारी पहाटे मी मुसफ्फाच्या वर्कशॉपांमागच्या वाळूच्या मैदानावर दोन ड्रमांच्या मध्ये गोलकीपर म्हणून उभा होतो. नंतर कळलं की हातांची लांबी हे निमित्त होतं. टीममध्ये घेतलेल्या जावयाला पुढे बाहेर बसवता येत नाही, आणि पळवूनही दमवता येत नाही. त्याचा मान राखून त्याला उभं कुठे करायचं, याचं उत्तर मामांना गोलपोस्टात सापडलं होतं. बाकीच्या पोरांना ते "अरं काय करायलाइस गाढवा" असं म्हणत. माझ्या पायांमधून बॉल गेला तरी मैदानाच्या त्या टोकाकडून आवाज यायचा, "जावईबापू, झोपलासा काय!" शिवी घशाशी आलेली कळायची, पण वर यायचा तो मान.

बाकीची टीम म्हणजे लेबर कॅम्पमधली आपली माणसं. स्कॅफोल्डिंग बांधणारे, पाइपफिटर, एसी मेकॅनिक, एक ड्रायव्हर. कुणी संगमेश्वरचा, कुणी गडहिंग्लजचा. आठवड्याला एकच सुट्टी, आणि तीही हा माणूस पहाटे साडेपाचला शिटी मारून घेत असे. तरी एकही जण चुकत नसे. संगमेश्वरचा दिनकर, आमचा सेंटर फॉरवर्ड, एकदा मला म्हणाला होता, "सर, सहा दिवस आम्हाला नंबरानं हाका मारतात. मामा नावानं शिव्या देतात."

जबाबदारी हा मामांचा आवडता शब्द. स्टोअरमध्ये जुना हातमोजा परत केल्याशिवाय नवा मिळत नसे. एका मोज्याची दोन बोटं हरवली म्हणून त्यांनी एका मुकादमाला साइटवर परत पाठवलं होतं, बोटं शोधून आणायला. एकदा कंपनीचा मॅनेजर स्वतः टॉर्च मागायला आला. मामांनी त्याच्यापुढे फॉर्म सरकवला. "हबीबी, मैं मॅनेजर हूँ," तो म्हणाला. "इसीलिये तो पेन भी देता हूँ," मामा म्हणाले.

हाच फॉर्म दर ऑगस्टमध्ये आमच्या नशिबी यायचा. हिवाळ्यात भारतीय मंडळांची स्पर्धा असे. इतर टीमा नोव्हेंबर उजाडला की बूट झटकायला लागत. मामांची पूर्वतयारी ऑगस्टात सुरू व्हायची, जेव्हा अबुधाबीत कबुतरंसुद्धा सावली सोडत नाहीत. "उन्हात तयार झाल्याला गडी सावलीत हरत न्हाई," असं ते म्हणत. आम्ही सावलीतही हरत होतो, तो भाग वेगळा. तर सामान मागवायच्या फॉर्मवर ते त्या वर्षाची मागणी लिहून आणत आणि रांगेत उभं करून वाचून दाखवत. वस्तू: दम, नव्वद मिनिटांचा. नग: अकरा. वस्तू: डावा पाय. नग: एक, दिनकरसाठी. वस्तू: लक्ष. नग: मिळतील तितके. मग तालमीच्या शिस्तीत जोर-बैठका. पाण्याची पाच गॅलनची बाटली खांद्यावर घेऊन वाळूत फेऱ्या. समोरच्या बकाल्यातला, म्हणजे किराणा दुकानातला, केरळी दुकानदार दारात येऊन हा प्रकार बघत उभा राहायचा. एकदा त्याने मला हळूच विचारलं, "साब, ये लोग को पानी चाहिये तो मेरा लडका छोड देगा ना. आप लोग क्यूँ उठाता है?"

डावपेच शिकवायचे ते मामांच्या घरी, शुक्रवारच्या दुपारी, जेवणाच्या टेबलावर. मामा एका खुबूसचे, म्हणजे अरबी रोटीचे, अकरा तुकडे करून मांडत. खजुराच्या बिया म्हणजे समोरची टीम, लिंबाची फोड म्हणजे बॉल. "ह्यो तू," ते पाइपफिटरला एक तुकडा दाखवून सांगत, "तू हितनं निघालास, हितं आलास, आन् हितं उभा ऱ्हायलास. का उभा ऱ्हायलास?" पाइपफिटर मान खाली घाली. "मग तुझा उपेग काय?" असं म्हणून मामा तो तुकडा आमटीत बुडवून खाऊन टाकत. टीममधून वगळलं जाण्याची आमची पद्धत अशी होती. माझा तुकडा मात्र त्यांनी कधी खाल्ला नाही. जावई होता ना. मामी स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "अहो, आधी पोरांना वाढू द्या, मग त्यांना खावा."

डावांना नावं कुस्तीची. घिस्सा म्हणजे उजवीकडून लांब बॉल. मोळी म्हणजे सगळ्यांनी गोलसमोर गोळा व्हायचं. आणि कलाजंग. कलाजंग म्हणजे नक्की काय हे मामांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. "येळ आली की कळंल," एवढंच. सामना सुरू झाला की मामा दर पाच सेकंदांनी नवा डाव पुकारत. गडहिंग्लजचा एसी मेकॅनिक फार आज्ञाधारक. तो प्रत्येक हाकेसरशी दिशा बदलायचा आणि अख्ख्या सामन्यात बॉलला पाय न लावता सगळ्यांत जास्त पळायचा. दोनेक वर्षांत केरळच्या टीमला आमचे डाव पाठ झाले. मामांनी "मोळी!" म्हणून आरोळी दिली की त्यांचा बॅक आपल्या पोरांना हिंदीत सांगायचा, "मोली आ रहा है, मोली." मामांना याचा राग आला नाही. "बघा," ते अभिमानानं म्हणाले, "त्येंनी अभ्यास केलाय. तुम्ही?"

पण मामांची खरी ओळख म्हणजे कबुली. सामना संपला की पाण्याचे खोके मध्ये ठेवून सगळ्यांनी रिंगण करायचं. प्रत्येकानं आपली एक चूक एका वाक्यात सांगायची. दुसऱ्याचं नाव घ्यायचं नाही. आणि 'पण' हा शब्द उच्चारायचा नाही. उच्चारला तर पहिल्यापासून पुन्हा. सगळ्यांचं सांगून होईपर्यंत कुणी पाण्याला हात लावायचा नाही. ही रीत त्यांच्या तालमीतल्या वस्तादांची. "कबुलीआधी पानी न्हाई. चूक पोटात ठिवून पानी प्यालं की ती भिजती, आन् भिजली की उगवती," मामा सांगत. सप्टेंबरच्या एका शुक्रवारी ड्रायव्हर म्हणून गेला, "माझी चूक, मी पास उशिरा दिला, पण रेफरी..." आणि आम्ही अकरा जण जिभा बाहेर काढून नव्याने पहिल्यापासून. त्या दिवशी त्याला सगळ्यांनी मिळून जवळजवळ वाळूत पुरलं होतं. जिंकल्यावरही कबुली असे, म्हणजे असावी. तो प्रसंग फारसा येत नसे. दिनकर बिचारा दोन-तीन चुका कॅम्पवरूनच तयार करून आणायचा. एकदा कुणी तरी अगदी मनापासून म्हणालं, "माझी चूक, मी क्रिकेटवाल्यांकडं जायला हवं होतं," आणि मामांनी ती मंजूर केली.

सगळ्यांत शेवटी मामांची पाळी. त्यांची कबुली वर्षानुवर्षं एकच होती. "माझी चूक येवढीच, की तुमास्नी खेळाडू समजलो." मग हशा, मग पाणी. मामा बाटली उघडून, मान मागे टाकून, एका दमात संपवत. पाणी मिशांवरून ओघळून शिटीवर पडायचं.

आता तो सामना. दोन हजार सालाच्या आगेमागे कधीतरी आम्ही, का कुणास ठाऊक, स्पर्धेच्या उपान्त्य फेरीत पोचलो. समोर केरळ. ते जिंकले तर त्यांच्यासाठी नेहमीचंच. आम्ही जिंकलो तर मामांच्या आयुष्यातला पहिला अंतिम सामना. कोल्हापुरातही त्यांच्या नशिबी तो आला नव्हता. मामांनी आदल्या दिवशीच कंपनीतून अर्धी रजा काढून दाढी करून घेतली होती. सामन्याच्या दिवशी सकाळी त्यांनी तालमीच्या रिवाजाप्रमाणे पोरांच्या पोटऱ्यांना आणि मांड्यांना तेल चोळायला घेतलं. बदामाचं तेल, कोल्हापूरहून खास आलेलं. मी बाजूला उभा होतो. गोलकीपरला तेलाचं काय काम? पण मामा थबकले. त्यांच्या चेहऱ्यावर मला दिवाळीची पहाट दिसली. "पोरास्नी लावायचं आन् जावयाला वगळायचं? तुमच्या सासूबाईस्नी काय तोंड दावू मी?" मी म्हटलं, "मामा, हातांना नको." ते म्हणाले, "पायाला मी हात लावला तर तुमास्नीच अवघड हुईल." आणि त्यांनी माझ्या दंडापासून तळव्यापर्यंत, बोटाबोटांत, अभ्यंगस्नानाला लावावं तसं प्रेमानं तेल जिरवलं. वडीलधाऱ्या माणसाच्या हातातून हात कसा काढून घेणार? हातमोजे घालायला त्यांचा आधीपासून विरोध होता. "पैलवान मोजं घालून लढतो काय?"

एक तास पंचवीस मिनिटं शून्य-शून्य. पोरं जिवावर उदार होऊन खेळली. केरळवाले आमच्या तेलकट पायांवरून घसरत होते, मामा कडेनं खुळखुळत होते. पाच मिनिटं उरली असताना जेवणाची पिकअप मैदानाच्या कडेला लागली. पुढचं मला नीट आठवत नाही. लांबून एक साधा, शाळकरी पोरानं अडवावा असा बॉल आला, माझ्या हातांत आला, आणि हातांतून निसटून माझ्या मागे गेला.

रिंगणात कुणी कुणाकडे बघत नव्हतं. माझी पाळी आली. मी म्हणालो, "माझी चूक. बॉल हातातून निसटला." उन्हात माझे तळवे पितळेसारखे चकाकत होते आणि सगळे त्या तळव्यांकडे बघत होते. बोलणार कोण? दुसऱ्याचं नाव घ्यायचं नाही. शेवटी मामा. त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. तोंड उघडलं. नेहमीचं वाक्यही आलं नाही. "पानी प्या रं पोरानू," एवढं म्हणून ते वळले. स्वतःची बाटली त्यांनी न उघडताच खिशात घातली.

घरी येऊन मी बायकोपुढे बरसलो. "तुझ्या मामांनी जावयाचा मान केला नसता तर आज आपण फायनलला असतो!"

"मग हे तिथंच का नाही बोललात?"

"तिथं नियम आहे, दुसऱ्याचं नाव घ्यायचं नाही."

"मग इथं का घेताय?" असं म्हणून ती पोळ्या लाटायला गेली. आमची पाच वर्षांची मुलगी रंगकामातून मान वर करून म्हणाली, "पापा, बट डिड यू ड्रॉप इट?" अरबी देशात वाढणारी मुलं इंग्रजीत फार उलटतपासणी घेतात.

त्यानंतर मामा बदलले. तेलाची बाटली परत दिसली नाही. डाव पुकारणं कमी झालं. कधी कधी अर्धा सामना किल्ल्यांचा आवाजसुद्धा येत नसे. खुबूसचे तुकडे ते मांडत, पण कुणाला खात नसत. जेवण झाल्यावर अकराच्या अकरा तसेच पडलेले असत. स्वतःच्या पाळीला "माझी चूक हाईच, प्या पानी," असं काहीतरी पुटपुटत. आणि एक गोष्ट माझ्या लक्षात आली. मामा मैदानावर पाणी पिईनासे झाले. विचारलं तर एकदा म्हणाले, तुमच्या मामींनी ताक दिलंय. एकदा म्हणाले, डॉक्टरनं थंड पाणी बंद केलंय. त्या पाण्यात उन्हानं चहा झाला असता. मी समजलो, शुगर असेल, या वयात व्हायचंच. एक दिवस मामींनीच मला बाजूला घेऊन विचारलं, "अहो, शुक्रवारी घरी येतात ते निम्मा कूलर रिकामा करतात. तिथं पाणी देत नाही का हो तुम्ही यांना?" मी हसून सोडून दिलं. दोन हंगाम असे गेले.

मग कंपनीनं स्टोअरमध्ये कॉम्प्युटर आणला. कॉम्प्युटर सही न घेता टॉर्च देतो म्हटल्यावर मामांनी मॅनेजरला सांगितलं, खलास, मी गावाला चाललो. शेवटच्या शुक्रवारी गोव्याच्या टीमशी मैत्रीचा सामना ठेवला. दोन-दोन. त्यातला एक गोल दिनकरनं डाव्या पायानं मारला, तेव्हा मामांनी आकाशाकडे बघून "मिळाला, नग एक," असं म्हटलेलं मी ऐकलं. मग रिंगण. सगळ्यांच्या कबुल्या झाल्या. मामांची पाळी आली तेव्हा आम्ही हसायच्या तयारीत होतो.

मामा म्हणाले, "माझी चूक. दोन वर्सामागं केरळच्या सामन्याआधी जावयाच्या हातास्नी तेल मी लावलं, आन् रिंगणात गप्प बसलो." पुढे त्यांच्या ओठांवर 'पण' आलेला मला दिसला. त्यांनी तो गिळला. मग वाकून खोक्यातून बाटली उचलली, मान मागे टाकली आणि एका दमात संपवली. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. दोन हंगाम, ऑगस्टच्या उन्हासकट, या माणसानं मैदानावर पाण्याचा थेंब घेतला नव्हता. नियम सगळ्यांना सारखा. दिनकरनं दुसरी बाटली उघडून त्यांच्या हातात दिली, ती त्यांनी तशीच संपवली.

मी त्यांना घरी सोडायला निघालो. किल्ल्या कंपनीत जमा झाल्या होत्या. दोरीला एकटी शिटी होती आणि गाडी खड्ड्यातून गेली तरी आवाज होत नव्हता. मला ते फार लागलं. आता मघाशी मी 'पुढचं नीट आठवत नाही' असं जे लिहिलं, ते खोटं आहे. चांगलं आठवतं. पिकअपमधून मामींचं पांढऱ्या रश्श्याचं पातेलं दोघं जण तिरकं करून उतरवत होते आणि मी 'सांडतंय, सांडतंय' असं मनात म्हणत तिकडे बघत होतो. बॉल माझ्या हातात येईपर्यंत मला दिसलाच नव्हता. कोरडे हात असते तरी निसटला असता. आणि दोन वर्षं मी दर शुक्रवारी घटाघटा पाणी पीत होतो.

"मामा," मी म्हणालो, "तो गोल तेलानं नाही गेला."

"ठाव हाय मला," मामा खिडकीबाहेर बघत म्हणाले. "पातेल्याकडं बघत हुतासा तुम्ही. मी कडंला हुतो न्हवं? सगळं दिसतं तितनं."

"मग दोन वर्षं तुम्ही... मला का नाही बोललात?"

"ते तुमचं हाय, जावईबापू. मी कसं सांगणार? माझं तेल येवढं माझं." मग समोर बोट करून, "डावी लेन धरा, सिग्नल पडंल."

दोन दिवसांनी मामा-मामी कोल्हापूरला गेले. पुढच्या शुक्रवारी आम्ही आपले आपणच जमलो, खेळलो, हरलो, रिंगण केलं. शेवटची जागा आम्ही मोकळी ठेवली होती. मी म्हणालो, "माझी चूक. केरळच्या सामन्यात मी पातेल्याकडे बघत होतो." मला वाटलं, आता ही माणसं मला काय म्हणतील? यांचा एकुलता एक अंतिम सामना मी रश्श्यापायी घालवला होता.

दिनकर म्हणाला, "सर, ते आम्ही सगळ्यांनी तेव्हाच बघितलं होतं. नाव कसं घेणार तुमचं?" आणि त्यानं मला बाटली दिली.

संध्याकाळी कार्ड टाकून कोल्हापूरला फोन लावला. मामांनी नवा मोबाइल घेतला होता आणि तो कानापासून हातभर लांब धरून ते बोलत असावेत. मागे मैदानावर तालमीच्या पोरांचा गलका होता. मी सगळं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "पानी प्यालासा?"

"प्यालो."

"मग झालं," मामा म्हणाले. पुढे काही बोलणार, तोच मागे पोरांनी काहीतरी घोळ घातला असावा. मामा फोन बंद न करताच पळाले. शिटी वाजली, आणि मग त्यांची ती जुनी, पेठभर ऐकू जाणारी आरोळी आली, "कलाजंग! अरं कलाजंग!" म्हणजे त्या पोरांना तरी त्यांनी तो शिकवला होता. कार्ड संपेपर्यंत मी फोन कानाला लावून उभा होतो.